आधी पेट्रोल, मग करंट

आमच्या वडलांच्या पिढीत मोटारसायकल घेणारा माणूस ती दुरुस्त करायलाही शिकायचा. त्यात हौस थोडी होती, निकड जास्त. सत्तरच्या दशकात स्कूटरचं बुकिंग केलं की नंबर लागायला वर्षं जायची. मग कऱ्हाड, पाटण, इस्लामपूर भागातले ओव्हरसियर, ग्रामसेवक, विमा एजंट, गुरांचे डॉक्टर, साखर कारखान्याच्या शेती खात्यातली माणसं सेकंडहँड फटफटीकडे वळायची. राजदूत असायची, पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर एस्कॉर्ट्सने इथे बांधलेली, १७३ सीसीची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा असायची. १९७३ पासून तिची येझदी झाली. एकाच सिलिंडरला दोन सायलेंसर आणि गिअरचीच दांडी फिरवून मारायची किक, यावरून ती कुणीही ओळखायचं. बुलेट होती, पण ती बहुतेक पोलिसांची, नाहीतर ऊसवाल्या बागायतदारांची. नोकरदाराच्या दारात असायची ती टू-स्ट्रोक, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेली आणि घरातल्या शेंडेफळापेक्षा वयाने मोठी.

अशा गाडीला अधूनमधून काहीतरी व्हायचंच. गॅरेजचा मिस्त्री कितीही चांगला असला तरी तो तालुक्याला, आणि गाडी बंद पडायची मल्हारपेठेच्या अलीकडे किंवा कुंभार्ली घाटात. म्हणून दुरुस्ती घरी शिकून घ्यावी लागायची. घरं लहान, अंगण एकच, त्यामुळे वडलांनी गाडी खोलली की सगळे त्यात ओढले जायचे. आमच्या वयाच्या पुष्कळांच्या घरी हेच चालायचं. आरसी बुकावर नाव एकाचं असलं तरी गाडीची माहिती घरभर वाटलेली असायची.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. गाडी चालू होत नाही म्हटलं की त्यांचा क्रम ठरलेला: आधी पेट्रोल, मग करंट, मग हवा आणि कॉम्प्रेशन. हा क्रम मोडून कुणी थेट कार्बोरेटरला पाना लावला तर ते हात धरायचे. "सोपं आधी बघा. अवघड कुठं पळून जात नाही." पेट्रोल बघायचं म्हणजे टाकी हलवून भागायचं नाही. कॉक उघडा आहे का, रिझर्व्हला लावलाय का, कार्बोरेटरपाशी नळी काढली तर धार लागते की थेंब थेंब पडतो, हे सगळं बघायचं. धार बारीक असली तर टाकीतला गंज कॉकच्या जाळीत बसलेला असायचा. पावसाळ्यात फ्लोट चेंबरच्या तळाशी पाणी सापडायचं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते नेमकं तळाला, जेटच्या तोंडाशी जाऊन बसतं. आम्ही मुलं ते पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरायचो आणि खाली पाण्याचा थर दिसला की ओरडायचो. निदान लागल्याचा आनंद आम्हाला पहिल्यांदा कळला तो त्या बाटलीत.

पेट्रोल ठीक असलं की प्लग. प्लगपान्याने तो काढायचा, वायरीची टोपी परत चढवायची, प्लगचं अंग इंजिनाच्या हेडला, प्लगच्या भोकापासून लांब टेकवायचं आणि दुसऱ्याने किक मारायची. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर करंट आहे. पिवळट, मरतुकडी पडली तर शोध मागे सरकायचा: टोपी, वायर, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. पण अण्णा ठिणगीच्याही आधी प्लगचं तोंड निरखायचे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आत पोचलेलंच नाही. ओलाचिंब असेल तर पोचलंय, पण पेटत नाही. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त पडलंय, नाहीतर चोक ओढलेलाच राहिलाय. पांढरट, भाजल्यासारखा असेल तर कुठूनतरी जादा हवा शिरतेय. याची धास्ती सगळ्यात जास्त, कारण अशा गाडीचा पिस्टन तापून धरतो. फिकट तपकिरी असेल तर गाडी ठणठणीत. रसायनशास्त्राच्या तासाला ज्योतीचे रंग शिकायच्या आधी आमचे प्लगचे रंग पाठ झाले होते.

टू-स्ट्रोकचं एक दुखणं तर फारच फसवं. प्लगच्या दोन टोकांमध्ये कार्बनचा केसाएवढा धागा जमायचा आणि करंट ठिणगी न पाडता त्या धाग्यातूनच निघून जायचा. भर रस्त्यात गाडी गप्प. प्लग काढून नखाने तो धागा उडवला की पुन्हा सुरू. त्यासाठी टूलबॉक्समध्ये चिंधीत गुंडाळलेला एक जादा प्लग असायचाच, बहुतेक मायकोचा.

पॉइंटचं काम नाजूक. मॅग्नेटच्या चाकाला खिडक्या असायच्या, त्यातून आतले पॉइंट दिसायचे. हे पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्याच क्षणी कॉइलमध्ये जोराचा करंट उठतो आणि प्लगवर ठिणगी पडते. म्हणून ते किती उघडतात याला महत्त्व. फट साधारण ०.४ मिलिमीटरची लागायची. फिलर गेज गॅरेजवाल्यांकडे असायचा, अण्णांकडे दाढीची ब्लेडं होती. एक पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं, चार पाती एकावर एक धरली की झाला गेज. दाढी करून बोथट झालेली पाती त्यामुळे आमच्याकडे फेकली जायची नाहीत. पॉइंट जळून खड्डा पडला असेल तर पॉलिश पेपरने घासायचे आणि मग लग्नपत्रिकेचा कोरा तुकडा मधून ओढायचा, म्हणजे तेलाचा अंश उरत नाही. कुठल्या पत्रिकेचा कागद चांगला होता, हे वधूवरांच्या नावांपेक्षा अण्णांच्या जास्त लक्षात राहायचं.

आईने गाडीला कधी पाना लावला नाही, पण दोष पहिल्यांदा ओळखायची ती. गाडी कोपऱ्यावर वळली की कुणाची आहे हे गल्लीतल्या सगळ्याच बायकांना आवाजावरून कळायचं. आईला त्याच्या पुढचं कळायचं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणायची, "आज मध्येच अडखळतेय हो." अण्णा म्हणायचे, "मिसिंग मारतेय." एकदा ती म्हणाली, "तुम्ही दारात थांबलात तरी गाडी पळतेच आहे." अण्णांनी केबल बघितली, कार्बोरेटरचा आयडलिंगचा स्क्रू बघितला, काही लागेना. त्याच दिवसांत सायलेंसरमधून पांढरा धूर येत होता आणि गिअर ऑइल कमी होत होतं. तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर उत्तर आलं: क्रँकची ऑइल सीलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या खोलीत शिरतात आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलली जातात, म्हणून ती खोली हवाबंद लागते. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की जादा हवा शिरून इंजिन पळत सुटतं. गिअरबॉक्सच्या बाजूचं गेलं की तिकडचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. आमची दोन्ही गेली होती. अण्णांनी ती मिस्त्रीकडून बदलून आणली आणि त्यानंतर आई काही बोलली की ते हातातलं काम थांबवून ऐकायचे.

अर्थात गाडीकडे बघायची आईची आणखी एक बाजू होती. पार्ट धुवायला लागणारं रॉकेल रेशनचं, म्हणजे तिच्या स्टोव्हच्या वाट्याचं. परात तिची, पुसायला फाडलेली जुनी लुगडी तिची, काळे हात धुवायला निरमाही तिचाच. भिंतीवरच्या कालनिर्णयात ती दुधाचे खाडे मांडायची आणि त्याच चौकटींत अण्णा 'प्लग नवा', 'गि. ऑ. बदलले' असं लिहायचे. महिनाअखेरीला दूधवाला हिशेबाला बसला की कुठला खाडा त्याचा आणि कुठली नोंद गाडीची, हे आईला उलगडून सांगावं लागायचं.

आम्हा मुलांकडे मांडामांड. अंगणात 'पुढारी' पसरायचा आणि जे ज्या क्रमाने निघेल ते डावीकडून उजवीकडे ठेवत जायचं. बसवताना उजवीकडून सुरुवात. वॉशरची कुठली बाजू वर होती हे थोरल्याने सांगायचं, स्प्रिंग उडाली तर धाकट्याने शोधायची. ताईला पाने पाठ होते. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. अण्णांनी न बघता मागे हात केला की हवा तोच पाना हातात पडायचा. पाने नाशिकच्या तापरियाचे, टूलबॉक्सपेक्षा जास्त जपलेले. हीच ताई पुढे कॉलेजात गेली तेव्हा तिला गाडी चालवायला शिकवावं असं मात्र घरात कुणाच्या मनात आलं नाही. लग्नानंतर ती मोपेडवर आपली आपणच शिकली. त्या दिवसांच्या गोष्टी रंगवून सांगताना हेही सांगायला हवं.

खरी रंगत असायची लपून बसलेल्या दोषांत. एका उन्हाळ्यात गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची, थोडं अंतर जायची आणि पेट्रोल संपल्यागत बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. शेजारचे काका म्हणाले कॉइल, ऑफिसातले म्हणाले पिस्टन. अण्णांनी गाडी बंद पडेपर्यंत मुद्दाम चालवली आणि पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडलं. फस्स झालं. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं, ते धुळीने बुजलं होतं. पेट्रोल जसं उतरेल तशी टाकीत पोकळी व्हायची आणि खाली येणारं पेट्रोल अडायचं. आईच्या आकड्याने ते भोक साफ झालं, खर्च काही नाही.

गंमत अशी की याच लक्षणाचं दुसरं कारण कंडेन्सर. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून करंट वाया जाऊ नये म्हणून तो बसवलेला असतो. तो थंड असताना नीट चालायचा आणि तापला की दगा द्यायचा. मग पॉइंटवरच पिवळी ठिणगी नाचायची आणि प्लग उपाशी राहायचा. कुंभार्ली घाट चढताना हे झालं तर इंजिन निवेपर्यंत कठड्यावर बसून राहण्याखेरीज इलाज नसायचा. हे दोन दोष वेगळे कसे ओळखायचे? झाकण उघडल्याबरोबर गाडी सुरू झाली तर हवेचं भोक. झाकण उघडूनही इंजिन निवावं लागलं तर कंडेन्सर. लक्षण एक आणि कारणं दोन असली की दोघांना वेगळं पाडणारी खूण शोधायची, हे शाळेत आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पावसाळी मिसिंगची खूण तर अंधारात दिसायची. अण्णा अंगणातला बल्ब मालवायला लावायचे आणि इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरीकडे बघा म्हणायचे. वायर चिरली असेल तर तिथून हेडकडे निळे काटे उडताना दिसायचे.

त्यांचा दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. धाकटे काका उतावळे. एकदा अण्णा दौऱ्यावर असताना त्यांनी प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून जेट फुंकला, सगळं एका दमात. गाडी सुरू झाली. काका खूश, अण्णा परत आल्यावर नाराज. "चालू झाली हे ठीक. पण बिघडलं काय होतं ते आता कोण सांगणार?" तेव्हा आम्हाला अण्णांचं वागणं तिरसट वाटलं होतं. पुढे ज्यांनी ज्यांनी नोकरीत यंत्रं, संगणक किंवा हिशेबाच्या वह्या हाताळल्या, त्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारावा लागला.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं. आमच्या गाडीला लिटरला ४० मिली. माप म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटली, तिच्यावर खुणा असायच्याच. ऑइल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरायचा आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जाम व्हायचं. म्हणून त्या काळच्या चालवणाऱ्यांची दोन बोटं कायम क्लचवर. घाट उतरतानाही अण्णा मध्येच थोडी रेस द्यायचे. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल जवळजवळ बंद होतं आणि त्याच्याबरोबर पिस्टनला मिळणारं ऑइलही. मागे बसलेल्याला वाटायचं, उतारावर हा माणूस वेग कशाला वाढवतोय!

ऑइल जळून उरायचा तो कार्बन. वर्षभरात तो सायलेंसरमध्ये आणि सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी इतका साचायचा की धुराला वाट उरायची नाही. गाडीचा दम जायचा, चढावर दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं. मग दिवाळीच्या आधी घराच्या साफसफाईबरोबर गाडीचीही साफसफाई. सायलेंसर उतरवायचा, आतली जाळीची नळी ओढून काढायची, रॉकेल टाकून परसात ती भाजायची आणि नंतर ठोकून खरवडायची. काळ्या खपल्या निघायच्या. हेड उतरवलं तर पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन लाकडाच्या फोडीने काढायचा, कारण लोखंडाने ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. हेड पॅकिंग परत बसवताना बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, एकच बोल्ट एकदम आवळायचा नाही. त्यानंतरच्या पहिल्या फेरीत गाडी अशी उचलायची की अण्णा गल्लीला उगाच एक जादा चक्कर मारून यायचे.

घरच्या दुरुस्तीला हद्द होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. किकला कॉम्प्रेशन लागेनासं झालं, पिस्टनची टकटक ऐकू यायला लागली की गाडी मिस्त्रीकडे. रिंगा, बोअरिंग, क्रँकचं बेअरिंग ही लेथवाल्याची कामं. पण घरी निम्मं निदान करून गेलेल्या गिऱ्हाइकाशी मिस्त्री वेगळं बोलायचे. ते निघालेला पार्ट हातात देऊन दाखवायचे, अण्णा तो घरी आणून आम्हाला दाखवायचे. घासलेली रिंग आणि नवी रिंग शेजारी ठेवली की यंत्र झिजतं म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगावं लागायचं नाही.

या सगळ्याला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. ती इंजिनं धूर ओकायची. न जळालेलं पेट्रोल थेट सायलेंसरमधून बाहेर टाकणं ही टू-स्ट्रोकची जातकुळीच आहे. अण्णांच्या हातावर सायलेंसरचा चटका कायमचा उमटला होता, आणि ऑफिसला उशिरा पोचल्याची बोलणी गाडीने नाही, त्यांनीच खाल्ली. १९८५ साली १०० सीसीच्या नव्या गाड्या आल्या. त्यातल्या फोर-स्ट्रोक हीरो होंडाची जाहिरातच अशी की पेट्रोल भरा आणि विसरून जा. रोज किक मारून दमलेल्या नोकरदाराला याहून गोड काय ऐकवणार! लोक खरोखरच विसरले. १९९६ साली म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद झाला. २००० सालच्या धुराच्या नियमांनंतर टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून जवळपास गेल्याच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटरही गेला; त्याच्या जागी सेन्सर आणि इंजेक्टर. हवा स्वच्छ व्हायची तर हे व्हायलाच हवं होतं. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे आज कोल्हापूर-पुण्यात आहेत. त्यांच्यापुढे आता २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा पेच आहे. इथेनॉल ओल धरून ठेवतं आणि जुन्या रबरी नळ्या-सीलांना मानवत नाही. म्हणजे बाटलीत पेट्रोल घेऊन उजेडात धरायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली आहे.

आमच्या घरी आता नातवाची नवी गाडी आहे. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ती सुरू होईना. तो फोनवर एररचे कोड शोधत बसला. खुर्चीतून अण्णांनी विचारलं, "आधी पेट्रोल बघितलंस का?"

"आहे, आजोबा. काटा दाखवतोय."

"मग करंट?"

"मीटर लागतोय, हॉर्न वाजतोय. सेल्फच घेत नाही."

आतून आई म्हणाली, "अरे, किल्ली फिरवलीस की रोज बारीक घुंईं असा आवाज येतो. आज आला नाही बघ."

तो आवाज पेट्रोलच्या पंपाचा. नातवाने हँडलकडे बघितलं. आदल्या संध्याकाळी गाडी पुसताना लाल बटण दाबलं गेलं होतं, इंजिन बंद करायचं. ते परत फिरवलं, किल्ली फिरवली, घुंईं झालं आणि गाडी सुरू झाली.

अण्णा म्हणाले, "बघ, करंटच तोडला होता." आई म्हणाली, "आवाज कुणी ऐकला?" नातू कॉलेजला निघून गेला, आणि निदान कुणाचं यावरचा दोघांचा वाद जेवणाची ताटं वाढेपर्यंत चालू राहिला.